नकाराचा चहा

सोनपेठकर सर बेडकालासुद्धा विचारायचे.

हे मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा नोकरीवर रुजू होऊन मला जेमतेम आठवडा झाला होता. औषधशास्त्र विभागाची आमची प्रयोगशाळा म्हणजे उंच छताची एक लांबट खोली. भर दुपारीही तिथं दिवा लावावा लागे. कोपऱ्यात सिमेंटचं टाकं आणि टाक्यात प्रयोगासाठी आणलेले बेडूक. सरांनी त्यातला एक उचलला, तळहातावर बसवला, डोळ्यांसमोर धरला आणि अगदी हळू विचारलं, "राजी?"

आणि ते थांबले. विद्यार्थी एकमेकांना कोपरानं ढोसत होते, मीही तोंडाला रुमाल लावला. सर थांबलेलेच. इतका वेळ थांबले की आमचं हसू आपोआप विरलं आणि तो आता काय म्हणतो म्हणून आम्ही सगळेच त्या बेडकाकडं बघायला लागलो. खोलीत नळ ठिबकत होता तेवढाच काय तो आवाज. "हा नको म्हणतोय," सर म्हणाले आणि त्यांनी त्याला परत पाण्यात सोडलं. दुसऱ्यानं काय सांगितलं कोण जाणे, पण प्रयोग त्याच्यावर झाला.

मी घरी जाऊन सांगितलं की आमचे विभागप्रमुख चक्रम आहेत. आई म्हणाली, हुशार माणसं तशीच असतात. मला मात्र त्या दिवशी जेवण गेलं नाही. तो बेडूक खरंच काहीतरी म्हणाला असावा असं मला उगाचच वाटत राहिलं होतं.

सर मूळचे सोनपेठचे. पोलीस ॲक्शनच्या आधी, निजामाच्या राज्यात शाळेत होते, त्यामुळं शिक्षण उर्दूतून झालेलं. गणित ते अजूनही मनातल्या मनात उर्दूतून करायचे, ओठ हलायचे त्यावरून कळायचं. 'संमती' हा शब्द त्यांच्या तोंडी कधी बसला नाही. ते 'रजामंदी' म्हणायचे, आणि माणसाला विचारताना नुसतं 'राजी?' म्हणायचे. हा त्यांचा प्रश्न सगळीकडं फिरायचा. शिपायाला काम सांगताना राजी, विद्यार्थ्याला तोंडी परीक्षेत प्रश्न टाकण्याआधी राजी. एकदा एका मुलानं घाबरून "नाही सर" म्हटलं, तर सरांनी त्याला उठवून दुसऱ्या दिवशी यायला सांगितलं. ही बातमी वसतिगृहात पोचल्यावर त्या वर्षीची तोंडी परीक्षा तीन दिवस लांबली. मी धुसफुसले, सरांना त्याचं काही वाटलं नाही.

माणसावर औषध तपासायचं असेल तर मात्र विचारण्याचा सोहळाच असे. रुग्णाच्या शेजारी स्टुलावर बसायचं, संमतीचा कागद त्याच्या भाषेत वाचून दाखवायचा, मग तो कागद उलटा करून ठेवायचा आणि म्हणायचं, "आता तुम्ही मला सांगा, मी काय सांगितलं ते." रुग्णाला सांगता आलं नाही तर सगळं पुन्हा पहिल्यापासून. आणि एखादा रुग्ण नको म्हणाला की सरांचा चेहरा असा काही उजळायचा की बघत राहावं. ते दारातूनच ओरडायचे, "अजीजभाई, चहा सांगा! नको म्हणाले!" त्या माणसाला कॉटवर चहा मिळे, आम्हालाही मिळे. होकाराला कधी चहा मिळाला नाही. विभागात त्याला आम्ही नकाराचा चहा म्हणायचो. माझ्या नोकरीतला सगळ्यात गोड चहा तोच. आमचे शिपाई अजीजभाई त्यात साखर जास्त टाकायला सांगत.

एकदा कुणी वरिष्ठानं सुचवलं की हर्सूलच्या तुरुंगात माणसं आयती आहेत, जेवणखाण एकसारखं, वेळच्या वेळी गोळी देता येईल. सर म्हणाले, "कुलपाच्या आत माणूस राजी झाला हे मला कसं कळणार?" वरिष्ठ म्हणाले, "विचारून." सर म्हणाले, "त्याला उठून जाता आलं पाहिजे ना." त्यापायी सरांची बढती दोन वर्षं अडली.

एवढं सगळं सांगितलं म्हणजे माणूस देवमाणूस वाटतो. मलाही वाटायचा. पण त्यांच्या दोन गोष्टींची मला भीती वाटे.

पहिली गोष्ट म्हणजे त्यांचा डावा अंगठा. त्याला कायम चिकटपट्टी गुंडाळलेली असायची. पट्टी रोज नवी, स्वच्छ, नखापासून पेरापर्यंत. मी अठरा वर्षं त्यांच्या हाताखाली काढली, तो अंगठा कधी उघडा पाहिला नाही. कुणी म्हणे इसब आहे, कुणी म्हणे तरुणपणी ॲसिड सांडलं. विचारलं तर सर पट्टीकडं असं बघत की ती आत्ताच कुणी दुसरंच बांधून गेलं असावं.

दुसरी गोष्ट म्हणजे त्यांच्या खोलीतली चौकट.

नळाच्या वर, जिथं लोक आरसा लावतात तिथं, काचेच्या चौकटीत एक कागद होता. इंग्रजीत टाइप केलेला अर्धा ताव, खाली जांभळा अंगठा आणि शेजारी नाव, गयाबाई. दरवर्षी नवे विद्यार्थी आले की सर त्यांना त्या चौकटीपुढं उभं करत आणि गोष्ट सांगत. पोलीस ॲक्शनला दहा-बारा वर्षं झाली असतील. फुलंब्रीच्या पुढं एका गावात जंतांवरचं नवं औषध तपासायचं होतं. तेवीस माणसं हवी होती. गयाबाई ही तेविसावी. औषध घेतल्यावर नवव्या दिवशी ती गेली. पुढं ते औषधच बंद झालं. चौकशी झाली, हा कागद समोर ठेवला गेला, कागदावर अंगठा होता, चौकशी मिटली. "डॉक्टर मी होतो," सर म्हणत. "आता सांगा, या कागदात चूक काय?"

मुलं सांगत. भाषा तिची नाही. साक्षीदार नाही. तारीख नाही. धोका लिहिलेला नाही. सर प्रत्येकाला मान हलवत आणि म्हणत, "बरोबर. आणखी?" सर बराच वेळ वाट बघत, बेडकाच्या उत्तराची बघत तशीच. मग म्हणत, "सापडलं की या. केव्हाही या." कुणी गेलं नाही. मीही नाही. जो माणूस आपल्या हातून बाई गेली असं पन्नास मुलांपुढं सांगतो, तो आणखी काही राखून ठेवत असेल असं कुणाच्या मनात तरी कसं येणार?

मला त्या कागदाची नाही, काचेची भीती वाटे. काच इतर सगळीकडं लख्ख असायची, पण अंगठ्याच्या बरोबर वर एक तेलकट डाग असायचा. अंगठ्याएवढाच. एकदा सर बाहेरगावी होते तेव्हा मी फडकं घेऊन पुसायला गेले, तर मागून अजीजभाई असे ओरडले की फडकं हातातून पडलं.

"काच को हात नक्को लगाव मॅडम! साहब का हुकूम है."

"अहो, घाण झालीय."

"घाण नहीं है वो. वो आती है ना, उसका है."

"कोण येते?"

"गयाबाई की..." म्हणाले आणि खाली कुणीतरी हाक मारली म्हणून निघून गेले. मला वाक्य अर्धंच मिळालं आणि पुढचा महिनाभर मी त्या खोलीत एकटी गेले नाही. डाग मधूनच पुसट व्हायचा आणि एखाद्या दुपारी पुन्हा ताजा दिसायचा. शरीरशास्त्र शिकलेली बाई मी, पण नळावर हात धुताना मान वर करायची नाही असं ठरवून टाकलं होतं.

मग एका दुपारी मी सह्यांचे कागद घेऊन गेले तर आत एक बाई उभी होती. तिशीची असेल, डोक्यावर पदर, पायाशी सीताफळांची पाटी. ती टाचा उंचावून, डोळे मिटून, काचेवर आपला अंगठा टेकवून उभी होती. सर खुर्चीत बसून मेजाकडं बघत होते.

ही सुभद्रा, गयाबाईची मुलगी. आई गेली तेव्हा सात वर्षांची होती. शहरात माल विकायला आली की पाटी घेऊन आधी इथं यायची. सरांनी तिच्या लेकरांची दुखणी काढली होती, एकाला शाळेत घातलं होतं. तिनंच कधीतरी विचारलं होतं की मायचा अंगठा लावलेला कागद असंल का हो अजून. सरांनी कपाटातून काढून दाखवला. ती येऊन येऊन बघायला लागली, कागद फाटायला आला, म्हणून चौकट केली.

"फोटू न्हाई मायचा," ती मला म्हणाली. "येवढंच हाय. हितं बघा, चंद्राच्या कोरीवानी खूण हाय. बाजरी कापताना इळा लागला असंल. मला तर काय आठवत न्हाई, पर लागलाच असंल."

मी बघितलं. ठशाच्या मधोमध एक पांढरी कोर होती, रेषा तोडून गेलेली.

"लई राग येतो मला तिचा," सुभद्रा पाटी उचलताना म्हणाली. "पोटची पोर हाय, तर नगं म्हणायचं का न्हाई? बाकीच्या बाया नगं म्हणल्या, त्या जगल्या. ही बसली अंगठा देऊन. मी हितं आले की आधी पाया पडते अन् मंग शिव्या घालते तिला."

सर उठले आणि नळ सोडून हात धुवायला लागले. सुभद्रा गेली, पाटीचा वास गेला, तरी ते हात धुतच होते. पट्टी भिजून सुटायला आली तेव्हा त्यांनी माझ्याकडं पाठ केली. मी कागद मेजावर ठेवून निघाले. काहीतरी चुकीचं बघितल्यासारखं वाटत होतं, पण काय ते कळत नव्हतं.

माझी स्वतःची चूक त्यांनी पकडली तो दिवसही सांगायला हवा. माझ्या प्रबंधासाठी रक्तदाबाच्या एका औषधावर काम चालू होतं. मुकुंदवाडीची एक म्हातारी त्यात हवी होती. मी गेले तेव्हा ती झोपलेली होती, सून म्हणाली मीच लावते अंगठा, काय फरक पडतो. मला परतायची घाई होती. लावून घेतला. सरांनी संध्याकाळी गठ्ठा चाळला, भिंग काढलं आणि त्या कागदाशी थांबले.

"जाधवबाई, हिचं वय?"

"अडुसष्ट, सर."

"हा विशीतला अंगठा आहे. रेषा बघा, कोवळ्या आहेत."

मी खरं ते सांगितलं. ते रागावतील म्हणून मान खाली घातली, तर त्यांनी भिंगच खाली ठेवलं. घाबरलेल्या माणसाचा आवाज असतो तसा त्यांचा आवाज आला. "गोळी दिली का? दिली का गोळी तिला?"

"नाही सर, उद्यापासून."

त्यांनी डोळे मिटले. मग मला रिक्षात घालून स्वतः मुकुंदवाडीला आले. म्हातारीला उठवून बसवलं, सगळं वाचून दाखवलं, कागद उलटा केला. म्हातारीनं शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, "मला नगं बाबा." सर तिच्या अंगणात लहान मुलासारखे हसले आणि कोपऱ्यावरून सहा चहा मागवले. मला त्या दिवशी लाज वाटली आणि रागही आला. एका अंगठ्यासाठी एवढं? असं मी मनात म्हटलं होतं.

सर निवृत्त झाले, चौकट काढून हर्सूलच्या घरी घेऊन गेले. भिंतीवर तिची चौकोनी खूण राहिली. सुभद्रा मग तिकडं जाऊ लागली. तिचे केस पिकले, सरांचे गळले. एका सकाळी सरांचा निरोप आला. पोटातली गाठ काढायची आहे, तुम्ही या, आणि येताना सुभद्रेला घेऊन या.

दवाखान्याच्या खोलीत ऊन भरपूर होतं, तरी मला आमच्या प्रयोगशाळेत शिरल्यासारखं वाटलं. नळ इथंही ठिबकत होता. तरुण डॉक्टर संमतीचा कागद घेऊन उभा होता आणि सर त्याला छळत होते. "मराठीतून वाच. हळू. जिवाला धोका आहे ती ओळ पुन्हा वाच." पोरानं दोनदा वाचलं. सरांनी कागद उलटा केला आणि शहाण्या रुग्णासारखं सगळं म्हणून दाखवलं. मग पेन पुढं आलं.

"आज सही नाही," सर म्हणाले. "शाईचं पॅड मागवा."

"सर, तुम्ही प्रोफेसर, अंगठा कशाला?" नर्स हसली.

सरांनी डाव्या अंगठ्याची पट्टी सोडायला सुरुवात केली. वेढ्यावर वेढे. खालून जो अंगठा निघाला तो बाकीच्या हाताचा वाटतच नव्हता. पांढराफटक, सुरकुतलेला, दगड उचलल्यावर खाली काहीतरी सापडावं तसा. त्यांनी तो पॅडवर टेकवला, कागदावर दाबला, आणि कागद सुभद्रेपुढं धरला.

तिला वाचता येत नव्हतं. तिनं नुसतं बघितलं. मग तिचा हात सवयीनं उठला आणि तिनं आपला अंगठा त्या ठशावर टेकवला. इतकी वर्षं मधे काच असायची. आज नव्हती. तिच्या अंगठ्याला जांभळी शाई लागली.

"ह्यो तर मायचा हाय," ती म्हणाली.

डॉक्टर, नर्स, कुणालाच काही कळलं नाही. मला कळलं. ठशाच्या मधोमध ती कोर होती. अठरा वर्षं जी चूक मला सापडली नव्हती, ती या बाईनं एका नजरेत दाखवली होती.

"माझा आहे, सुभद्रे," सर म्हणाले. "तोही माझाच होता. कोर इळ्याची नाही. परीक्षानळी फुटली होती, तिची काच लागली होती. तुझ्या मायनं अंगठा दिला नव्हता. तीनदा विचारलं, तीनदा नको म्हणाली. माझी बावीस माणसं झाली होती. तिला ताकदीची गोळी म्हणून दिली आणि झाडाखाली बसून कागदावर माझा अंगठा लावला. म्हटलं, कोण बघतंय."

सुभद्रा हळूच पलंगाच्या कडेला टेकली. पलंग सरांचा आहे हे तिच्या लक्षात आलं नसावं.

"माय नगं म्हणली हुती?"

"हो."

"तीन बार?"

"तीन बार. तिसऱ्यांदा तर ओरडली. म्हणाली, माझी पोर लहान हाय."

सुभद्रा आपल्या जांभळ्या अंगठ्याकडं बघत होती. मला सरांचा इतका संताप आला की काही सुचेना, आणि त्याच वेळी रडूही येत होतं. एवढ्या वर्षांचे बेडूक, उलटे केलेले कागद, रिक्षातून मुकुंदवाडी, सगळं माझ्या डोळ्यांपुढून गेलं. या माणसानं सगळ्या जगाला विचारलं होतं, एकीला सोडून. आणि तिच्या पोरीला खोटा अंगठा पुजू दिला होता.

वॉर्डबॉय चाकाची गाडी घेऊन आला. सर गाडीवर आडवे झाले. मग मान वळवून त्यांनी सुभद्रेकडं बघितलं.

"माफी मागतोय मी. राजी?"

आणि ते थांबले, नेहमीसारखेच, पूर्ण वेळ देऊन. वॉर्डबॉय गाडीला हात लावून तसाच उभा राहिला.

"न्हाई," सुभद्रा म्हणाली.

सरांच्या चेहऱ्यावर ते जुनं हसू आलं, दारातून ओरडताना यायचं ते. ओरडायचं बळ आता नव्हतं. "जाधवबाई," ते म्हणाले, "चहा सांगा हिला."

गाडी निघाली. लांबच लांब व्हरांडा होता. पांढऱ्या चादरीला शाई लागू नये म्हणून त्यांनी डावा हात कोपरातून उभा धरला होता. त्या हाताचा जांभळा अंगठा शेवटच्या दारापर्यंत दिसत राहिला. त्या दारातून सर परत आले नाहीत.

पण ते आम्हाला दुपारी कळलं. त्याआधी, गाडी आत गेल्यावर लगेच, मी सुभद्रेला घेऊन फाटकाबाहेरच्या टपरीवर गेले. तिनं ग्लास दोन्ही हातांत धरला आणि चहा निवेपर्यंत नुसती बघत बसली. मग एका घोटात संपवला. टपरीवाला ग्लास न्यायला आला, त्याला तिच्या अंगठ्याची शाई दिसली.

"काय मावशी, मतदान हाय का आज?"

"न्हाई रं," ती म्हणाली. त्या माणसाला यातलं काही ठाऊक नव्हतं, पण तिला कुणाला तरी सांगायचंच होतं. ती उठून उभी राहिली, पदर नीट केला आणि त्याला मोठ्यानं म्हणाली, "माही माय नगं म्हणली हुती."